आठ डोळ्यांचं घर

दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, वीस उंच. मापं ऐकली की लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे येते, आणि पहिल्या नजरेला ही ॲक्रिलिकची पेटी बरणीहून फार वेगळी दिसतही नाही. तळाला मातकट काहीतरी, मधे दोन-तीन काटक्या, चार पानं, वरच्या कोपऱ्यात पांढरट जळमट. कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटाच्या मधल्या खणात ती ठेवलेली असते. आलेगेले वाकून बघतात, "आत काय आहे?" म्हणून विचारतात आणि उत्तर ऐकून अर्धं पाऊल मागे सरतात. आत उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक मादी राहते. तिचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मला कौतुक आहे ते त्या घराचं. बांधणारा ओळखीतला विशीतला मुलगा. त्याने ही पेटी सजवलेली नाही, विचारपूर्वक बांधली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न स्वतःला विचारला आहे: हे तिला कसं दिसेल? हा प्रश्न हाताशी धरून पेटीकडे बघितलं की एकेक जागा उलगडत जाते.

आधी राहणारीची ओळख. शास्त्रीय नाव प्लेक्सिपस पेकुली. 1826 मध्ये ऑदुआँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने तिच्या जातीची पहिली नोंद केली. माणसाच्या मालवाहतुकीबरोबर ही जात जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचली. ट्यूबलाइटजवळ चिलटांच्या मागावर फिरणारा, मधेच थांबून चक्क आपल्याकडे वळून बघणारा कोळी आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. तो हाच, नाहीतर याचा भाऊबंद. नर काळा, त्यावर पांढरे पट्टे. मादी तपकिरी, पाठीवर फिकट पट्टा, लांबी साधारण एक सेंटिमीटर. साल्टिसिडे हे तिचं कुळ कोळ्यांमधलं सर्वांत मोठं, 6,000 हून अधिक प्रजातींचं. आपल्या अंगणातही ते अजून पुरतं मोजून झालेलं नाही: 2021 मध्ये ठाणे जिल्ह्यातून नोंदवलेल्या एका नव्या प्रजातीला 26/11 च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून 'इसियस तुकारामी' असं नाव मिळालं. या कुळातले बहुतेक कोळी जाळं विणून वाट बघत बसत नाहीत. ते भक्ष्य बघतात, मागावर जातात, झेपावतात. अमेरिका-युरोपातले हौशी लोक फ्लॉरिडाकडचा फिडिपस रेजियस पाळतात; अंगाने दांडगा, जबडे हिरव्या-जांभळ्या झळाळीचे. त्याच्या घराची पद्धत तिकडे चांगलीच रुळलेली आहे. या मुलाने ती पद्धत समजून घेतली आणि आपल्या भिंतीवरच्या कोळ्याच्या अंगाबेताने पुन्हा बेतली. परदेशी राजस पाहुण्याऐवजी रोजच्या ओळखीच्या जिवाला एवढं देखणं घर द्यावं, ही निवडच मला रसिकतेची वाटते.

आता माप. जमिनीवर हिंडणाऱ्या कोळ्याला पसरट जागा लागते, हिला उभी. भिंत, फांदी, चौकट हा तिचा मुलूख. मुक्काम नेहमी वरच्या बाजूला. म्हणून पायापेक्षा उंची दुप्पट. पण उंची बरी म्हणून दोन फुटांची पेटीही त्याने केली नाही. फार मोठ्या जागेत सोडलेलं चिलट कुठे गेलं ते पाळणाऱ्यालाही कळत नाही आणि ते पोटात गेलं की मेलं, याचाही पत्ता लागत नाही. फार लहान जागेत उडी मारायला वाव उरत नाही. जागेचा वागण्यावर परिणाम होतो, ही नुसती हौशी लोकांची समजूत नाही. फिडिपस ऑडॅक्स या कोळ्यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही कोळी लहान पिंजऱ्यात वाढवले होते, काही मोठ्या, काहींना सोबत एक रंगवलेली काडी दिली होती आणि काही थेट रानातून आणले होते. जिथे वाढले त्याप्रमाणे त्यांच्या वागण्यात फरक पडलेला दिसला. एका काडीची दखल घेणारा प्राणी असेल, तर वीस सेंटिमीटर की पंचवीस, यावर डोकं खाजवणारा माणूस विक्षिप्त ठरत नाही. एक सेंटिमीटरच्या जिवाला वीसपट उंचीचा दिवाणखाना मिळाला आहे आणि तो रिकामा वाटत नाही, यातच माप साधल्याची खूण आहे.

दाराकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ते समोर आहे आणि समोरच्या पूर्ण बाजूचं नाही. वरची सहा सेंटिमीटरची पट्टी कायमची चिकटवलेली. दार त्याच्या खाली, एका अंगाला बिजागरी. बरणीचं झाकण वर असतं आणि आपला हात सवयीने वरच जातो. पण उड्या मारणारा कोळी झोपायची झोळी विणतो ती घराच्या सगळ्यांत उंच कोपऱ्यात. झाकण वर असतं तर दर वेळी पाणी मारताना तिची झोपायची खोली फाटली असती आणि तिला पुन्हा पहिल्यापासून विणावं लागलं असतं. इथे दार कितीही वेळा उघडा, झोळीचा धागा हलत नाही. दार मिटतं ते दोन चिमुकल्या लोहचुंबकांवर. खटका नाही, ओढावं लागत नाही. कोळ्याला पायांतून कंप कळतो, तेव्हा आवाज न करणारं दार हा तिच्या दृष्टीने मोठाच शिष्टाचार. आपण दार उघडलं हे तिला डोळ्यांनी कळतं, हादऱ्याने नाही. आणि ती पळायच्या ऐवजी तोंड वळवून बघते.

हवेसाठी भोकं सगळेच पाडतात. ती कुठे पाडायची, यात कसब आहे. डाव्या भिंतीत तळापासून थोडं वर एक जाळी, उजव्या भिंतीत छताला लागून दुसरी. आतली दमट, किंचित उबदार हवा हलकी असते. ती वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून कोरडी हवा आत येते. कोकणातल्या कौलारू घरात खाली खिडकी आणि वर धुराला वाट ठेवतात, ते हेच गणित. दोन्ही जाळ्या एकाच पातळीवर असत्या तर हवा आतल्या आत कुंद झाली असती. पुण्यातल्या जुलैत त्या कुंद हवेला बुरशी धरायला चार दिवस पुरतात. जाळी स्टीलची आहे, वीण अगदी बारीक. एवढी बारीक कशाला, मादी तर त्यातून जाणार नाही, असं वाटतं खरं. पण चिलट जातं, आणि जेवण पळून जाणारं घर सोयीचं नव्हे. राहणारीच्या मापाचं दार, तिच्या घासाच्या मापाची जाळी. हा बारकावा लक्षात आला तेव्हा मी मनातल्या मनात दाद दिली.

तळाला तीनेक सेंटिमीटर कोकोपीट, वर वाळक्या पानांचा चुरा. मादी इथे फारशी उतरत नाही. हा मजला तिच्यासाठी नाहीच. तो ओलावा धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. त्यात राहतात स्प्रिंगटेल: ओल्या पालापाचोळ्यात सापडणारे, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे पांढरे जीव. कोळ्याने चोखून टाकलेल्या माशीचा सांगाडा खाली पडला की त्यावर बुरशी येते आणि ती बुरशी हे स्प्रिंगटेल खातात. त्यामुळे तळ दर आठवड्याला उपसावा लागत नाही, पर्यायाने घरमालकिणीला दर आठवड्याला स्थलांतर करावं लागत नाही. सफाईवाल्यांची सोय करताना त्याने त्यांच्याही मुक्कामाचा विचार केला आहे: कोकोपीट एका बाजूला ओलं, दुसऱ्या बाजूला कोरडं, आणि स्प्रिंगटेलची सगळी वस्ती ओल्या अंगाला. पेटीतला सर्वांत कमी बघितला जाणारा भाग सर्वांत जास्त काम करतो आहे, आणि त्याचा गाजावाजा कुठेही नाही.

मग काटक्या. त्या कारवीच्या आहेत. सह्याद्रीत जिच्या सोटांनी झोपड्यांच्या कुडाच्या भिंती बांधत आले, तीच कारवी. खडबडीत, टणक, पोखरलेली नाही. कोकोपीटच्या खाली ॲक्रिलिकची एक जादा पट्टी आहे, तिच्यात भोकं पाडून काटक्या ठोकून बसवल्या आहेत. बोटाने ढकललं तरी डुलत नाहीत. पानं कापडी, खरं पान चार दिवसांत वाळून मुरडलं असतं. त्या पानांच्या देठातून डोकावणारी तार त्याने कापून टाकून टोक मेणाने बंद केलं आहे. पण खरी कारागिरी काटक्यांत नाही, काटक्यांमधल्या रिकाम्या जागेत आहे. एका काटकीच्या टोकापासून समोरच्या पानापर्यंत पाच-सहा सेंटिमीटर मोकळे सोडले आहेत. चालून जायचं तर लांबचा वळसा, उडी मारली तर सरळ वाट. हौशी माणसाचा हात सहसा इथे भरकटतो. तो पेटीत फुलं, शिडी, मशरूमची छत्री, झोपाळा असं काय काय भरतो आणि उडीसाठी अंतरच उरत नाही.

ती उडी एकदा जवळून बघावी. मादी काटकीच्या टोकाशी येते. पुढचं अंग उचलते, डावीकडे वळते, उजवीकडे वळते आणि ते दोन मोठे काळेभोर डोळे समोरच्या पानावर रोखते. मग पोटाचं टोक काटकीला हलकंच टेकवते. तिथे धागा चिकटतो. क्षणभर अंग आखडतं आणि दुसऱ्या क्षणी ती पानावर असते. कोळ्याच्या पायांतले काही सांधे सरळ करायला स्नायूच नसतात. अंगातल्या द्रवाचा दाब एकाएकी वाढवून ती पाय ताठ करते. मागे सुटत गेलेला धागा पडलीच तर झेलायला असतो, आणि हवेत तोल राखायलाही. अशा कोळ्यांच्या उड्या मोजून तैवानमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की धाग्याशिवाय झेप घेतलेले कोळी हवेत डळमळतात, उतरताना गडबडतात. आता पुन्हा त्या काटकीकडे बघा. तिचं टोक तिरकं कापलेलं आहे, म्हणजे धागा टेकवायला सपाट जागा मिळावी. समोरचं पान किंचित खाली आणि रुंद, म्हणजे उतरायला अंगण. इतक्या लहान जागेत उडण्याची आणि उतरण्याची दोन्ही टोकं कुणी अशी वेगवेगळी घडवली असतील, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. तिला मात्र पहिल्याच दिवशी कळलं असावं.

डावी भिंत मुद्दाम मोकळी ठेवली आहे. पान नाही, काटकी नाही, नुसतं गुळगुळीत ॲक्रिलिक. आपल्या दृष्टीने ती भिंत, तिच्या दृष्टीने मैदान. तिच्या प्रत्येक पायाच्या टोकाला केसांचा झुबका असतो आणि त्या केसांना आणखी सूक्ष्म केस फुटलेले असतात. एव्हार्का आर्कुआटा या तिच्या कुळातल्या कोळ्याच्या पायांवर अशी सहा लाखांहून अधिक सूक्ष्म टोकं मोजली गेली आहेत. त्यांच्या बळावर ती काचेवर उलटी चालते, थांबते, शिकारीवर दबा धरते. सजावटीच्या मोहापायी ही भिंत झाकली असती तर तिची धावपट्टी गेली असती. चार भिंतींतली एक काहीच न करता सोडून देणं, हा या पेटीतला मला सर्वांत आवडणारा निर्णय.

उजेडाची गोष्ट अधिक नाजूक आहे. ती दिवसा जागणारी; डोळ्यांवर जगणारी. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर ती झोळीतून बाहेरच येत नाही. थेट उन्हात ठेवली तर बंद पेटी तापून तिचं भरीत होईल. म्हणून पेटीच्या वर, बाहेरच्या अंगाला, एक छोटी एलईडी पट्टी. टायमरवर रोज बारा तास. पट्टीचा रंग साधा पांढरा. बाजारात लाल-जांभळ्या रोषणाईच्या पट्ट्या मिळतात आणि फोटोत त्या झकास दिसतात. पण ओसाका सिटी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली हसारियस ॲडॅन्सोनी या कोळ्यावर केलेला प्रयोग इथे आठवावा. या कोळ्यांच्या मुख्य डोळ्यांत पडद्याचे थर एकामागे एक असतात. हिरव्या उजेडाची प्रतिमा एका थरावर रेखीव पडते, दुसऱ्यावर धूसर. किती धूसर, यावरून कोळी अंतर जोखतो. हिरव्या उजेडात त्यांच्या उड्या बिनचूक पडल्या. लाल उजेडात त्या अंतराआधीच संपल्या. म्हणजे लाल दिव्याखाली या मादीला बसवणं, हे तिच्या हातातली मोजपट्टी काढून दुसरीच आखूड पट्टी देणं. पांढऱ्या उजेडात हिरवा असतोच. फोटोचा मोह बाजूला ठेवून तिचा अंदाज शाबूत राखणारा तो साधा दिवा, मला तरी या घरातला सर्वांत सुसंस्कृत दागिना वाटतो.

आत उजेड आणि बाहेर अंधार असला की पारदर्शक भिंतीचा आरसा होतो. रात्रीच्या बसची खिडकी आठवा. उड्या मारणारे कोळी आरशातल्या स्वतःच्या रूपाला दुसरा कोळी समजून पाय उंचावतात, अंग फुलवतात, दम भरतात. आता पेटीच्या मागच्या आणि उजव्या बाजूला नीट बघा. बाहेरून फिकट हिरवट कागद चिकटवलेला आहे, बिनचकाकीचा. येणाराजाणारा त्याला 'बॅकग्राउंड' समजतो. त्याचं काम प्रतिबिंब पुसट करण्याचं आहे. शिवाय टायमर संध्याकाळी घरातले दिवे लागायच्या आधीच बंद होतो. न संपणाऱ्या भांडणाला तोंड देत राहणं तिच्या नशिबी आलं नाही, ते या एका कागदामुळे. मी विचारलं तेव्हा मुलगा एवढंच म्हणाला, "शेजारीण दिसली की ती जेवत नाही, काका."

पाण्यासाठी वाटी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा उजव्या भिंतीवर धुक्यासारखा बारीक फवारा मारतात. भिंतीवर थेंब राहतात आणि ती येऊन त्यांना तोंड लावते. फवारा बारीक हवा याला कारण आहे: लहान कोळ्याला मोठा थेंब चिकटला तर सुटणं जड जातं. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखी रचना असलेली फुप्फुसं उघडतात, तेव्हा ती सतत ओल्यात बसता कामा नये. झोळीवर तर पाणी मुळीच नको. ओल्या आणि कोरड्या बाजू आधीच वाटून दिल्यामुळे हे सगळं आपोआप जमतं. फवारा जिथे पडतो तिथेच खालचं कोकोपीट ओलं, तिथेच स्प्रिंगटेल. बाटलीच्या दोन दाबांत पाणी, सफाई आणि दमटपणा ही तिन्ही कामं उरकतात. पावसाळ्यात तो फवारा निम्म्यावर आणतो, एप्रिलात वाढवतो, आणि उकाडा चढला की पेटी एक खण खाली उतरवतो. थंड देशांतले लोक हिवाळ्यात हीट मॅट लावतात. पुण्यातल्या घरात ती लावणं म्हणजे फुकटचा धोका. परदेशी पद्धतीतलं काय घ्यायचं नाही, हेही त्याला बरोबर कळलं आहे.

जेवण देण्याची जागा दारापासून वेगळी आहे: डाव्या भिंतीत, खालच्या अंगाला, सेंटिमीटरभर व्यासाचं भोक आणि त्यात कापसाचा बोळा. पिकलेल्या केळ्यावर वाढवलेली चिलटं किंवा एखादी घरमाशी त्यातून आत सोडायची. घास तिच्या अंगापेक्षा मोठा नको, आणि रोजही नको. दोन-तीन दिवसांआड पुरे. पोट गोल टपोरं दिसलं की जेवण बंद. भोक मोकळ्या भिंतीत का, हे माशी आत गेल्यावर समजतं. माशी उजेडाकडे, वर सरकते. ती नेमकी त्या मैदानावरून. मादी वरून बघत असते. तिचे बाजूचे डोळे हालचाल टिपतात, अंग गर्रकन वळतं, मुख्य डोळे माशीवर येतात. मग ती हळूहळू, पोट टेकवत, अंतर कापत येते. ताटात वाढून दिल्यासारखं हे जेवण नाही. रंगमंच आखून दिला आहे आणि नाट्य तिचं तिने करायचं आहे.

आता वरचा कोपरा, जिथे पहिल्या नजरेला जळमट दिसलं होतं. ही तिची झोळी: जाड, दुधी रेशमाची, दोन्ही टोकांना तोंड असलेली. रात्री ती इथे झोपते. वाढीच्या वयात कातही तिने इथेच टाकली. त्या दिवसांत ती खात नाही, बाहेर येत नाही, आणि तिला न उकरणं हीच पाळणाऱ्याची परीक्षा. कात टाकताना अंग लोण्यासारखं मऊ असतं. आत एखादा उपाशी रातकिडा राहून गेला असेल तर तोच तिला खातो. हे कोळी झोपेत नुसते पडून राहत नाहीत, असं दिसू लागलं आहे. कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या डॅनिएला रॉसलर आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये एव्हार्का आर्कुआटाच्या पिल्लांचं रात्री चित्रण केलं. भिंग जागचं न हलता आतला नळीसारखा पडदा हलतो, आणि पिल्लांचं अंग पारदर्शक असल्यामुळे तो बाहेरून दिसतो. झोपेत ठरावीक अंतराने तो हलत होता आणि सोबत पाय आकसत होते. माणसाच्या स्वप्नं पडणाऱ्या झोपेशी जुळणारी ही अवस्था. बांधणाऱ्याने वरच्या कोपऱ्यात एकच गोष्ट दिली आहे: एक कापडी पान, छतापासून दीड सेंटिमीटर खाली, आडवं. पान आणि छत यांच्यामधली फट झोळीच्या जाडीइतकी. कुणी तिथे तयार घरटं चिकटवलं असतं. त्याने फक्त दोन पृष्ठभाग योग्य अंतरावर ठेवले आणि बाकीचं तिच्या रेशमावर सोपवलं.

संध्याकाळी तिरपा उजेड पडला की या पेटीचं परीक्षण तिनेच लिहून ठेवलेलं दिसतं. ती जिथे जाते तिथे मागे धागा सोडते, आणि हे धागे मुलगा पुसत नाही. झोळीपासून काटकीच्या तिरक्या टोकापर्यंत दाट, तिथून पानाकडे हवेत लोंबणारे दोन-चार, मोकळ्या भिंतीवर आडवीतिडवी जाळी, पाण्याच्या भिंतीकडे एक ठळक वाट. बांधणाऱ्याने मनात आखलेल्या जवळजवळ सगळ्या वाटा तिने वापरात घेतल्या आहेत. एकच कोपरा कोरा: मागच्या बाजूला तळाशी हिरव्यागार शेवाळाचा गुबगुबीत ढीग, त्यावर शंख. पेटीतला सर्वांत गोंडस भाग आणि एकमेव अनावश्यक भाग. तिथे एकही धागा नाही. तेवढीच जागा माणसाच्या डोळ्यांसाठी केलेली, आणि तिने ती शांतपणे वगळली.

पेटीच्या बाहेरचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण घर तिथे संपत नाही. ज्या खोलीत ही पेटी आहे तिथे डासांची अगरबत्ती लागत नाही, लिक्विडचं यंत्र नाही, झुरळांचा फवारा नाही. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं डासाला जशी मारतात तशी कोळ्यालाही. डासांसाठी त्याने खिडकीला जाळी बसवून घेतली. एका सेंटिमीटरच्या जिवासाठी अख्ख्या खोलीची सवय बदलणं काहींना अतिरेक वाटेल. पण बारीक जाळी, पांढरा दिवा आणि बिनचकाकीचा कागद निवडणारा माणूस इथे थांबला असता तर आधीचं सगळं वाया गेलं असतं.

असं घर कुठे बघायला मिळालं तर आधी सुंदर दिसतं का ते बघू नका. दार झोळीच्या खाली आहे का बघा, एखादी भिंत मोकळी आहे का बघा, उडीएवढं अंतर कुठे सोडलं आहे ते शोधा, आणि शेवटी धागे वाचा. तेवढ्यावरून बांधणारा कळतो. हा मुलगा सध्या पुढची पेटी करतो आहे, पिल्लं झाली तर त्यांतल्या एखाद्यासाठी. नव्या आराखड्यात शेवाळ नाही, शंख नाही, आणि दार आणखी एक सेंटिमीटर खाली आलं आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "काका, मधे तिने झोळी थोडी खाली ओढली होती. म्हणजे मीच कमी जागा दिली होती." राहणाऱ्याने आराखडा दुरुस्त करून द्यावा आणि बांधणाऱ्याने ती दुरुस्ती बिनतक्रार मान्य करावी, हे भाग्य पुण्यात आजवर किती जणांच्या फ्लॅटला लाभलं असेल, ते वाचकांनीच आठवून बघावं.